मागे उरलेल्यांचा धम्म

जपानी चित्रपटात कुणी मेलं, की आपल्याकडच्या चर्चेत दोन तट पडलेच म्हणून समजा. एका तटाला जिकडेतिकडे झेन, म्हणजे जपानी बौद्धांचा ध्यानमार्ग, दिसतो. रिकामी खोली दिसली की झेन, दोरीवरचे कपडे वाऱ्यानं हलले की झेन, म्हातारा बाप गप्प बसला की अनित्यता. दुसरा तट विचारतो, यात बौद्ध असं आहे काय? पुनर्जन्म कुठं आहे, कर्म कुठं आहे, निर्वाण कुठं आहे? दिसतात ती भुतं, पितरं, फोटोपुढच्या उदबत्त्या आणि पैसे घेऊन सूत्रं म्हणणारे भिक्खू. म्हणजे बुद्धानं जे टाकून दिलं, तेवढंच नेमकं उचललेलं. महाराष्ट्रात हा दुसरा तट जास्त बोलका आहे आणि त्यामागं इतिहास आहे. नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी बावीस प्रतिज्ञा घेताना ज्यांच्या आजी-आजोबांनी श्राद्धपक्ष आणि पिंडदान कायमचं सोडलं, त्यांना एका बौद्ध समाजाच्या सिनेमात मृताच्या नावानं ठेवलेली भाताची वाटी खटकली तर नवल नाही.

माझं म्हणणं असं, की दोन्ही तट उत्तर शोधतात ते मेलेल्या माणसापाशी. तो शून्यात विरून गेला का, की कुठं तरी पुन्हा जन्मला? जपानी सिनेमातल्या थोर दिग्दर्शकांचं लक्ष मात्र मागे उरलेल्यांवर असतं. पुनर्जन्माचा प्रश्न त्यांनी सोडून दिलेला नाही. ‘कोण परत आलं’ असं न विचारता ‘कुणाकडून कुणाकडं काय पोचलं’ असं ते विचारतात. आणि ही काही आधुनिक काळातली सोयीस्कर पळवाट नव्हे. बौद्ध परंपरेत हा प्रश्न असाच विचारला गेला आहे, आणि तोही फार पूर्वीपासून.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला कोंडीत पकडू पाहतो. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जात नाही म्हणतोस, मग पुनर्जन्म होतो तो कसा? नागसेन एका दिव्यावर लावलेल्या दुसऱ्या दिव्याचा दाखला देतो, तो आपल्याला ठाऊक असतो. पण त्याच ओघात तो आणखी एक दाखला देतो आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. महाराज, लहानपणी तुम्ही गुरूकडून एखादा श्लोक शिकलात ना? तो श्लोक गुरूतून बाहेर पडून तुमच्यात शिरला का? राजा म्हणतो, नाही. श्लोक गुरूकडं होता तसाच राहिला आणि शिष्याकडंही आला. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये हा प्रश्न टाळला नाही. पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा, असे दोन वेगळे प्रश्न करून त्यांनी तो तपासला, आणि मागच्या जन्मीच्या कर्मामुळं या जन्मीचं दैन्य येतं ही समजूत साफ धुडकावली. तेव्हा पडद्यावर कुणी ‘मी मागच्या जन्मी अमुक होतो’ असं म्हणत नाही, एवढ्यावरून चित्रपट बौद्ध नाही असं ठरवणं म्हणजे अनात्मवादाकडं पाठ फिरवून धम्म मोजायला बसणं आहे.

कुरोसावाचा ‘इकिरू’ (1952) घ्या. नगरपालिकेतला खातेप्रमुख वातानाबे, पोटाचा कर्करोग, आयुष्यभर कागदांवर शिक्के मारून झाल्यावर शेवटच्या काही महिन्यांत त्यानं जिद्दीनं करून घेतलेली मुलांची बाग. सगळे जण हा चित्रपट ‘मृत्यूच्या छायेत जगणं शिकलेल्या माणसाची गोष्ट’ म्हणून सांगतात. पण मग कुरोसावानं नायकाला शेवटपर्यंत जिवंत का ठेवलं नाही? कथा ऐन भरात असताना निवेदक सांगून मोकळा होतो, की हा माणूस पाच महिन्यांनी वारला. तिथून पुढचा बराच मोठा भाग अंत्यविधीआधीच्या जागरणाच्या रात्रीत घडतो. भिंतीशी फोटो, फुलं, उदबत्त्या, आणि समोर ओळीनं बसलेले सहकारी. उपमहापौर बागेचं श्रेय स्वतःकडं ओढतो. एवढ्यात त्या वस्तीतल्या बायका येतात, कुणाशी एक शब्द न बोलता फोटोपुढं रडतात, उदबत्ती लावतात आणि जातात. उपमहापौराला तिथं बसवत नाही, तो उठून जातो. मग दारू वाढली जाते आणि कारकून आठवू लागतात. आधी सगळे श्रेय दुसऱ्यांना देतात, मग हळूहळू एकेकाच्या आठवणीतून खरा वातानाबे उभा राहतो, आणि शेवटी सगळे रडत शपथा घेतात की आपणही असंच काम करू. दुसऱ्या दिवशी कचेरीत नवा खातेप्रमुख तक्रार घेऊन आलेल्या लोकांना दुसऱ्या खात्याकडं पिटाळतो. किमुरा हा एकटा कारकून ताडकन उभा राहतो, सगळ्यांच्या नजरा पाहतो आणि फायलींच्या ढिगाआड पुन्हा खाली बसतो.

या रात्रीत नागसेनाचाच प्रश्न कसाला लागलेला नाही का? श्लोक शिकवणारा गेला. शिष्य म्हणवणारे खोलीभर बसलेत. श्लोक पोचला का? बहुतेकांकडं नाही पोचला. किमुराकडं अर्धामुर्धा पोचला, कारण त्याला लाज वाटते. बागेतल्या झोपाळ्यावर खेळणाऱ्या पोरांकडं मात्र वातानाबेचं नावही न कळता पुरता पोचला. मेलेला माणूस कुठं गेला याबद्दल कुरोसावा चकार शब्द काढत नाही. तरीही कर्म म्हणजे काय, ते माणसाच्या मृत्यूनंतर कसं चालू राहतं आणि कुठं येऊन अडतं, हे यापेक्षा नेमकं दाखवणारा चित्रपट मला ठाऊक नाही.

आता झेनवाल्यांच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करू. यासुजिरो ओझू 12 डिसेंबर 1963 रोजी, बरोबर साठाव्या वाढदिवशी, वारला. कामाकुरातल्या एंगाकु-जी या झेन मंदिराच्या आवारात त्याची समाधी आहे आणि तिच्यावर नाव नाही, अभावाचं एकच अक्षर कोरलेलं आहे. त्याच्या चित्रपटांतल्या मोकळ्या जागा, कुणी नसलेले जिने, आगगाडीचा दूरचा आवाज, हे सगळं पाहून कुणाला शून्यता आठवली तर त्यात वावगं काही नाही. पण ‘टोकियो स्टोरी’ (1953) मध्ये आई गेल्यानंतर प्रत्यक्षात घडतं काय? ओनोमिचीच्या मंदिरात सूत्रपठण चाललंय, मोकुग्यो या लाकडी वाद्यावर ठेका पडतोय. धाकटा मुलगा केइझो मध्येच उठून बाहेर येतो. त्या प्रत्येक ठोक्यासरशी आई थोडीथोडी लहान होत चाललीय असं त्याला वाटतं, आणि ते सहन होत नाही. आई जाण्याआधी तो पोचू शकला नव्हता. जिवंतपणी तिच्यासाठी काही केलं नाही, आता थडग्यावर चादर पांघरून उपयोग काय, हे त्याला तिथं पायरीवर बसल्यावर कळतं. जेवणं उरकताच थोरली मुलगी आईचा कोणता किमोनो आपल्याला हवा ते सांगून टाकते. आणि आईचं घड्याळ सासरे देतात ते नोरिकोला, युद्धात मेलेल्या मुलाच्या विधवेला, जिचं या घराशी रक्ताचं नातं नाही. परतीच्या गाडीत ती ते हातात धरून बसते. याला नुसती अनित्यता म्हणून मोकळं होणं म्हणजे ओझूनं केलेला अर्धा विचार टाकून देणं. सगळं नाशिवंत आहे हे सांगून तो थांबत नाही. नाशिवंत असताना कुणी काय केलं आणि कुणी काय केलं नाही, याची तो कठोर नोंद ठेवतो.

दुसऱ्या तटाचा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो नीट मांडला पाहिजे. जपानमध्ये बौद्ध मंदिर आणि मृत्यू यांची गाठ श्रद्धेनं जेवढी घातली, तेवढीच राज्यसत्तेनं घातली. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीनं ख्रिस्ती धर्म मोडून काढण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला कुठल्या तरी मंदिरात नाव नोंदवायला लावलं. हे घर ख्रिस्ती नाही, असा दाखला मंदिर देई. त्यातून घराण्याचं मंदिर, मंदिराचे अंत्यविधी, मृताचं धर्मनाम, एकोणपन्नासावा दिवस, वर्षश्राद्ध, तिसरं, सातवं, थेट तेहतिसाव्या वर्षापर्यंतचे स्मरणविधी आणि त्या प्रत्येकाचे पैसे ही साखळी पक्की झाली. ‘अंत्यविधीपुरता बौद्ध धर्म’ असं तिला खुद्द जपानी अभ्यासकच म्हणतात. जुझो इतामीच्या ‘द फ्युनरल’ (1984) मध्ये सासऱ्याचे विधी कसे करायचे हे ठाऊक नसलेलं नवरा-बायकोचं जोडपं व्हिडिओ कॅसेट लावून शिष्टाचार पाठ करतं आणि भिक्खू येतो तो रोल्स-रॉइसमधून. ती भूमिका केली आहे चिशू ऱ्यूनं, ज्यानं ओझूच्या चित्रपटांत कितीतरी बाप उभे केले आणि जो स्वतः मंदिराच्या पुरोहिताच्या घरात जन्मला होता. हा धंदा आहे असं कुणी म्हटलं, तर ते जपानी सिनेमानंच आधी म्हणून ठेवलंय.

पण धंदा आहे म्हणून विधीमागचा विचार अबौद्ध ठरतो का? खुद्द पाली तिपिटकात, खुद्दकपाठात, तिरोकुड्ड सुत्त आहे. मेलेले नातलग आपल्याच घराच्या भिंतीबाहेर, चौकात, दाराच्या चौकटीशी येऊन उभे राहतात आणि घरात अन्नाची रेलचेल असताना त्यांची कुणाला आठवण होत नाही, असं ते सुत्त सांगतं. त्यांच्या नावानं संघाला दान द्या, ते त्यांना पोचेल, असा त्याचा उपदेश. उन्हाळ्यात येणारा जपानी ओबोन हा मृतांच्या स्मरणाचा सण बुद्धाचा शिष्य मोग्गल्लान याच्या गोष्टीवर उभा आहे: प्रेतयोनीत भुकेनं तळमळणारी आई, आणि संघाला दान देऊन तिला सोडवणारा मुलगा. ही गोष्ट जपानपर्यंत पोचली ती चीनमधून आलेल्या सूत्राबरोबर, पण तिचा गाभा तिरोकुड्ड सुत्ताचाच. बाबासाहेबांनी श्राद्धपक्ष नाकारला तो इथल्या जातिव्यवस्थेचा आणि पुरोहितशाहीचा अनुभव घेऊन, आणि तो नकार पूर्ण न्याय्य होता. तो जपानच्या ओबोनला जसाच्या तसा लावायचा, तर तिथली पुरोहितशाही आणि इथली पुरोहितशाही एकच होती हे दाखवावं लागेल. ते कुणी दाखवलेलं मी पाहिलेलं नाही.

भुतांबद्दल थोडक्यात. कोबायाशीच्या ‘क्वाइदान’ (1964) मधली होइचीची गोष्ट भयकथा म्हणून पाहिली जाते. दान्-नो-उराच्या 1185 च्या समुद्री लढाईत बुडालेल्या हेइके घराण्याची भुतं आंधळ्या होइचीला, बिवा या तंतुवाद्याच्या वादकाला, रात्री बोलावून नेतात. भिक्खू त्याच्या अंगभर प्रज्ञापारमिताहृदय सूत्र लिहितात, कान तेवढे राहून जातात आणि भूत कान तोडून नेतं. पण ही भुतं मागतात काय? सूड नाही, पुन्हा जन्मही नाही. आपल्या पराभवाची गाथा कुणीतरी गाऊन ऐकवावी, एवढंच. ती गाथा सुरू होते जेतवनाच्या घंटेच्या नादानं, बुद्ध जिथं राहिला त्या श्रावस्तीच्या जेतवनाच्या, आणि सगळं अनित्य आहे हे सांगूनही पुढं शेकडो माणसांची नावं आणि मरणं टिपत जाते. अनित्यता पटली म्हणून कुणाला विसरून जायची मुभा मिळत नाही.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा अडसर ‘डिपार्चर्स’चा (2008) आहे. मृताला अंघोळ घालून, कपडे चढवून, चेहरा रंगवून पेटीत ठेवणाऱ्या तरुणाची ही गोष्ट. 2009 मध्ये तिला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ती सुचली शिन्मोन आओकी यांच्या आठवणींच्या पुस्तकावरून. आओकींनी हेच काम वर्षानुवर्षं केलं होतं आणि त्यांच्या पुस्तकाचा शेवटचा भाग शिनरानच्या, म्हणजे अमिदा बुद्धाच्या शुद्ध भूमीची आस धरणाऱ्या सुखावती पंथातल्या आचार्याच्या, विचारानं भारलेला आहे. पटकथा वाचून त्यांनी आपल्या पुस्तकाचं नाव चित्रपटाला वापरू दिलं नाही, कारण मृत्यूपलीकडचा जो प्रकाश हा त्यांच्या लेखनाचा प्राण, तोच गाळलेला होता. एक श्रद्धावान जपानी बौद्ध स्वतः सांगतो की यातून धर्म काढून टाकलाय. आता काय म्हणायचं?

आओकींचं दुःख खरं आहे, आणि चित्रपट शेवटी बाप-लेकाच्या भावुक भेटीकडं घसरतो हेही खरं. पण शिनरानचंच माप लावून पाहू. ‘तान्निशो’ या वचनसंग्रहात तेराव्या शतकातल्या या महापुरुषाचं म्हणणं नोंदलेलं आहे, की आईवडिलांना सद्गती मिळावी म्हणून आपण एकदाही अमिदाचं नामस्मरण केलेलं नाही. कारण? जन्मोजन्मीच्या फेऱ्यात सगळेच प्राणी कधी ना कधी आपले आईबाप, भाऊबहीण होऊन गेलेत. पुनर्जन्माच्या कल्पनेचा याहून क्रांतिकारक उपयोग मला दुसरीकडं आढळलेला नाही. पुनर्जन्म मानला की आपल्या घरचे मृत आणि परके मृत असा भेदच उरत नाही. या मापानं पाहिलं तर ‘डिपार्चर्स’चा गाभा बापाची भेट नसून त्याआधीची अनोळखी माणसं आहेत. दोन आठवडे घरात पडून राहिलेली एकटी म्हातारी, मुलीच्या वेशात जगू पाहणारा आणि मेलेला तरुण. देहाला हात लावणाऱ्या नवऱ्याला बायको ‘शिवू नकोस’ म्हणते. हा विटाळ बुद्धाचा नव्हे, आणि तो काय असतो हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कोन इचिकावाच्या ‘द बर्मीज हार्प’ (1956) मधला शिपाई मिझुशिमा तर आणखी पुढं जातो. आधी जीव वाचवायला चोरलेलं चीवर तो अंगावर चढवतो, वाटेत बेवारस प्रेतं पाहतो, आणि युद्ध संपून सोबती मायदेशी निघतात तेव्हा ब्रह्मदेशातच राहतो. त्याला पुरायची असलेली माणसं त्याच्या नात्यातली नाहीत. या चित्रपटात जपानी सैन्यानं केलेल्या अत्याचारांबद्दल मौन आहे आणि ते मला बोचतं. पण परक्या मृतांसाठी आयुष्य देणारा हा माणूस शिनरानच्या त्या वाक्याच्या जितका जवळ आहे, तितका पुनर्जन्माची गोष्ट सांगणारा एकही जपानी चित्रपट नाही.

कारण अक्षरशः पुनर्जन्माची गोष्ट सांगणारे चित्रपटही आहेत. शुसाकू एंडोच्या 1993 च्या कादंबरीवर केई कुमाईनं 1995 मध्ये ‘डीप रिव्हर’ केला. कर्करोगानं मरणारी बायको नवऱ्याला सांगते, मी या जगात कुठंतरी पुन्हा जन्मेन, मला शोध. तो शोधत थेट वाराणसीला येतो. ती सापडत नाही. इथं दुसरा तट मला विचारू शकतो, आणि हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही: ज्याचं माणूस गेलं त्याला नागसेनाचा श्लोक काय कामाचा? त्याला तीच हवी असते, तिच्याकडून पोचलेलं काहीतरी नको असतं. खरंच आहे. पण तीच परत मिळेल असं बुद्धानं कुणाला सांगितलं होतं? किसा गोतमी मेलेलं पोर कडेवर घेऊन आली, तेव्हा ते कुठं जन्मलं हे त्यानं सांगितलं नाही. ज्या घरी कुणी मेलेलं नाही तिथून मोहरीचे दाणे आण, असं सांगून त्यानं तिला दारोदार पाठवलं, म्हणजे जिवंत माणसांकडं पाठवलं. जपानी सिनेमा करतो ते हेच. तो नातलगाला वाराणसीला नेतो, आणि रिकाम्या हातानं उभं करतो.

जे पोचतं ते नेहमी चांगलंच असतं असंही नाही, आणि इथं दिग्दर्शक कोरे-एदाचं मोठेपण दिसतं. त्याच्या ‘आफ्टर लाइफ’चं (1998) कौतुक खूप होतं, मला ‘स्टिल वॉकिंग’ (2008) अधिक खोल वाटतो. बुडणाऱ्या मुलाला वाचवताना थोरला मुलगा जुन्पेई मेला. दर वर्षी स्मृतिदिनाला तो वाचलेला मुलगा, आता अंगानं सुटलेला, घामाघूम झालेला तरुण, घरी बोलावला जातो. उदबत्ती लावतो, अवघडून बसतो, खातो, जातो. धाकटा आईला म्हणतो, आता पुरे, त्याला मोकळं कर. आई विणकाम न थांबवता शांतपणे सांगते, की वर्षातून एक दिवस त्यानं तळमळावं म्हणूनच तर मी त्याला बोलावते. विधी तोच, उदबत्ती तीच, आणि त्यातून द्वेष जिवंत ठेवलेला. रात्री एक पिवळं फुलपाखरू घरात शिरतं, जुन्पेईच्या फोटोवर बसतं, आणि हीच आई ‘तो आलाय’ म्हणत त्याच्यामागं धावते. पुढं काही वर्षांनी, आईबाप गेल्यावर, धाकटा आपल्या लहान मुलीला थडग्यापासून परतताना पिवळ्या फुलपाखरांबद्दल आईनं सांगितलेलीच गोष्ट सांगतो. फुलपाखराची गोष्ट पोचली, द्वेष त्यानं पुढं जाऊ दिला नाही. मृतांसाठी काय करायचं याइतकंच त्यांचं काय पुढं न्यायचं नाही, हेही मागे उरलेल्यांनाच ठरवावं लागतं. ज्याला हे सगळं ‘पितृपूजा’ वाटतं, त्यानं त्या विणकाम करणाऱ्या हातांकडं एकदा नीट पाहावं.

इसाओ ताकाहाताचा अखेरचा चित्रपट ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (2013) तर अनेकांना उघड उघड बुद्धविरोधी वाटतो. चंद्रावरून पृथ्वीवर आलेल्या आणि इथल्या म्हाताऱ्या जोडप्यानं वाढवलेल्या कागुयाला परत न्यायला जी मिरवणूक येते ती अमिदाच्या आगमनाच्या चित्रांवरून घेतलेली आहे. ढगावर बुद्धासारखी मूर्ती, भोवती वाद्यं वाजवणारे दिव्य जन. उजीच्या ब्योदो-इन मंदिरात अकराव्या शतकात असेच मेघांवर बसलेले वादक बोधिसत्त्व कोरले गेले, मरणाऱ्याला न्यायला अमिदा असाच येतो या श्रद्धेनं. गेन्शिन या भिक्खूनं 985 मध्ये लिहिलेल्या ग्रंथाची शिकवण अशी, की या मलिन भूमीचा वीट येऊ द्या आणि शुद्ध भूमीची आस धरा. ताकाहाता तो सोहळा तसाच्या तसा मांडतो आणि आपल्याला त्याची भीती वाटते, कारण ते संगीत आनंदी आहे आणि रडणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांकडं त्यातल्या कुणाचंच लक्ष नाही. चंद्रावरची दासी पृथ्वीला मलिन म्हणते तेव्हा कागुया वळून ठणकावते, की ही भूमी मलिन नाही, इथं सुखदुःखाचे रंग आहेत. तेवढ्यात तिच्या खांद्यावर पिसांचं वस्त्र पडतं आणि तिला सगळ्याचा विसर पडतो. स्मृती पुसून मिळालेली शांती हीच मुक्ती असेल, तर ताकाहाता ती नाकारतो. पण गेन्शिन म्हणजे अख्खी परंपरा नव्हे. त्याच सुखावती पंथात पुढं शिनराननं शिकवलं, की शुद्ध भूमीत गेलेला तिथं थांबत नाही, इतरांसाठी तो याच जगात परत येतो. चित्रपटभर मुलं जे गाणं गातात तेही गरगर फिरणाऱ्या चाकाचं आणि परत येण्याचं आहे. गेन्शिन आणि शिनरान या दोघांच्या वादात ताकाहातानं शिनरानची बाजू घेतली आहे.